होकार आपल्या हाती



भोर-उत्रोली परिसरातील व्यापारी कुटुंबांना परदेशप्रवासाचे आता अप्रूप राहिलेले नाही. कोणी सुट्टीत सिंगापूर पाहून येतो, कोणी लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेस जातो, कोणी जपानमधील कोबे येथील जिनमंदिराचे दर्शन घेऊन येतो. पासपोर्ट, व्हिसा, औषधे, खाखऱ्यांचे डबे यांची तयारी महिनाभर आधी सुरू होते. पैशांची चिंता मात्र ‘डेबिट कार्ड आहे ना जवळ’ या एका वाक्यावर मिटवली जाते. एरवी गल्ल्यातील रुपया-रुपयाचा हिशोब ठेवणारे आपण या बाबतीत इतके निश्चिंत कसे राहतो?

कार्डाचे काम कसे चालते, ते आधी समजून घेऊ. परदेशातील एटीएमला आपल्या खात्याची काहीही माहिती नसते. ते यंत्र व्हिसा, मास्टरकार्ड वा तत्सम जाळ्यामार्फत आपल्या बँकेला विचारणा करते. बँकेच्या संगणकाने होकार दिला, की नोटा बाहेर येतात. सारा व्यवहार त्या एका होकारावर उभा असतो.

हा होकार खोटा निघाला तर काय होते, हे पुण्याने पाहिले आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरलेल्या चोरांनी विचारणा परस्पर स्वतःकडे वळवली आणि बनावट होकार दिले. बनावट कार्डांच्या आधारे अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातून काढलेले अडीच कोटी आणि दोन दिवसांनी हाँगकाँगला वळवलेले सुमारे १४ कोटी धरून एकूण ९४ कोटी रुपयांचा अपहार झाला. खातेदारांच्या ठेवी सुरक्षित असल्याचे बँकेने तेव्हाच जाहीर केले. तरीही खातेदाराने यातून एक बोध घ्यावा : होकाराला मर्यादा घालण्याची जी सोय आपल्या हाती आहे, ती वापरल्यावाचून राहू नये.

ती सोय रिझर्व्ह बँकेने १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने दिली. त्यानुसार नवे कार्ड आरंभी केवळ देशातील एटीएम आणि दुकानांतील यंत्रांवर चालते; परदेशातील वापर खातेदाराने स्वतः सुरू करावा लागतो. मोबाइल अ‍ॅप, इंटरनेट बँकिंग अशा मार्गांनी तो केव्हाही सुरू वा बंद करता येतो आणि रकमेची मर्यादाही ठरवता येते. म्हणून विमानात बसण्यापूर्वी परदेशी वापर सुरू करावा, मर्यादा बेताची ठेवावी आणि परतल्याच दिवशी तो बंद करावा.

यापूर्वीही एक प्रश्न बँकेला विचारणे अगत्याचे आहे : हे कार्ड परदेशात चालते का? परकीय चलनाच्या व्यवहारांची परवानगी असलेल्या बँकांनाच आंतरराष्ट्रीय डेबिट कार्ड देता येते. अनेक लहान सहकारी बँकांची कार्डे देशाच्या सीमेपर्यंतच चालतात. उत्तर नकारार्थी असेल, तर ते भोरच्या शाखेत कळलेले बरे, सिंगापूरच्या विमानतळावर नव्हे.

कोणत्या खात्याचे कार्ड न्यावे, हा पुढचा विचार. ज्या खात्यात दुकानाची उलाढाल जमा होते, त्याचे कार्ड नेऊ नये. प्रवासापुरते वेगळे बचत खाते ठेवून त्यात मोजकी रक्कम भरावी. कार्ड हरवले तरी नुकसान तेवढ्यापुरतेच राहील. नियमही हेच सुचवतो. डेबिट कार्डाने परदेशात केलेला खर्च रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत मोजला जातो. ही योजना केवळ व्यक्तींसाठी आहे. भागीदारी पेढी, कंपनी आणि एचयूएफ यांना ती लागू नाही. तेव्हा एचयूएफच्या खात्यातून सहलीचा खर्च करू नये आणि दुकानासाठी माल घ्यायचा असल्यास बँकेमार्फत आयातीची रीतसर कागदपत्रे करावीत.

या योजनेत प्रत्येक व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. १ एप्रिल २०२५ पासून वर्षभरातील अशी रक्कम १० लाख रुपयांच्या पुढे गेल्यास सर्वसाधारण प्रवासखर्चाच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस आकारला जातो. तो पुढे प्राप्तिकरात वळता होतो. पण तोवर भांडवल अडकते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आता खर्चाकडे वळू. परदेशी व्यवहारावर बँका अधिभार घेतात. तो साडेतीन टक्के धरला, तर एक लाखाच्या खरेदीवर ३,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३० रुपये, असे ४,१३० रुपये जातात. एटीएममधून रोख काढण्याचे शुल्क वेगळे. म्हणून वारंवार थोडी थोडी रोख काढणे महागात पडते. तेथील यंत्र कधी कधी ‘रुपयांत रक्कम देता का?’ असे विचारते. आपले चलन पाहून मन सुखावते. परंतु हा दर दुकानदाराच्या बाजूने ठरतो आणि बहुधा आपल्या बँकेच्या दरापेक्षा महाग असतो. तेथे स्थानिक चलनच निवडावे. हॉटेलात अनामत म्हणून डेबिट कार्ड दिल्यास तेवढी रक्कम खात्यात अडकून पडते व सुटायला काही दिवस लागतात, हेही ध्यानी ठेवावे.

कार्ड हरवले किंवा अनोळखी व्यवहाराचा संदेश आला, तर विलंब करू नये. २०१७ च्या नियमांप्रमाणे त्रयस्थाने केलेल्या फसवणुकीची, आपली वा बँकेची चूक नसताना, तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली तर खातेदारावर भार पडत नाही. आपल्या निष्काळजीपणामुळे पिन दुसऱ्याच्या हाती गेला असेल, तर तक्रार नोंदवेपर्यंतचे नुकसान आपलेच. भोरची शाखा सकाळी दहाला उघडते तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात रात्रीचे साडेबारा झालेले असतात. म्हणून बँकेचा परदेशातून लागणारा २४ तासांचा क्रमांक कागदावर लिहून कार्डापासून वेगळा ठेवावा. बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक रोमिंगवर चालू ठेवावा. व्यवहाराचे संदेश त्यावरच येतात. काही परदेशी संकेतस्थळे ओटीपी न मागताच रक्कम वळती करतात; म्हणून परदेशी ऑनलाइन व्यवहारांची कळ गरज नसेल तर बंदच असू द्यावी.

आपल्या पेढ्यांमध्ये तिजोरीची किल्ली कोणाकडे द्यावी आणि कितीपर्यंतच्या व्यवहाराला मुनीमाने स्वतः होकार द्यावा, याचे नियम ठरलेले असत. खिशातील कार्ड हाही एक मुनीमच आहे. परदेशी पाठवण्यापूर्वी त्याची मर्यादा त्याला नेमून द्यावी.