दहावीनंतरची एसटी

२०२१ साली दहावी झालेल्या मुलांना परीक्षाच द्यावी लागली नाही. १६ जुलैला निकाल लागला, राज्याचा ९९.९५ टक्के. ‘करोना पास’ म्हणून त्यांची थट्टा झाली. महाड-पोलादपुरात मात्र थट्टेला जेमतेम सहा दिवस मिळाले. २२ जुलैला सावित्री-गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. त्याच दिवशी तळियेवर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडींनी बळी घेतले. पुढे कॉलेजं सुरळीत होताहेत तोवर एसटीचा संप चिघळला, तो २०२२च्या एप्रिलपर्यंत.

त्या पोरांचं सोळावं वर्ष हे असं गेलं.

पौगंडावस्था म्हटली की शहरी लेखांत मोबाइल, केसांची फॅशन आणि उलट उत्तरं येतात. डोंगरातल्या वाडीवरही ते सगळं असतं, रेंज असेल तिथे. पण इथे त्या वयाचा खरा प्रश्न वेगळाच असतो: अकरावीला रोज जायचं कसं? आणि जमत नसेल तर मुंबईला काकाकडे कधी निघायचं? गिरण्या होत्या तेव्हा गावाकडची पोरं गिरणगावात जायची. गिरण्या संपल्या, वाट तीच राहिली.

कायद्यानेही या वयाला अधांतरी ठेवलं आहे. शिक्षणहक्क कायदा चौदाव्या वर्षी हात काढून घेतो, सज्ञानपण अठराव्या वर्षी येतं. मधल्या चार वर्षांत, २०१६च्या दुरुस्तीनुसार, धोक्याच्या कामावर बंदी आहे. बाकी कामं मोकळी. शाळा मात्र सक्तीची नाही. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते अठरा वयाच्या शिक्षणाची भाषा करतं. धोरण म्हणजे हक्क नव्हे.

सरकारने काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, मुलांनाही मोठी सवलत आहे. मात्र गाडीच आली नाही तर पास दाखवायचा कोणाला? संध्याकाळची गाडी रद्द झाली की मुलीचं कॉलेज आधी सुटतं, मुलाचं नंतर. तेव्हा विद्यार्थ्यांच्या फेऱ्या तोट्याच्या हिशेबातून बाहेर काढाव्यात, कॉलेजच्या वेळा आणि आगाराचं वेळापत्रक एकत्र बसून ठरवावं. आणि घाट बंद पडण्याच्या महिन्यांसाठी तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहात पुरेशा खाटा असाव्यात.