सवलत म्हणजे भीक नव्हे!

गेल्या महिन्यात आपल्या मंडळाच्या बैठकीत एक सूचना आली. पत्रिकेची छापील प्रत टपालाने पाठवणे बंद करावे, अंक व्हॉट्सॲपवर टाकावा, खर्च वाचेल. खर्चाचाच प्रश्न असेल तर सवलतीच्या टपालदराची चौकशी करू या, असे मी म्हणालो. त्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी सुनावले, "अहो, सवलतीसाठी सरकारपुढे हात पसरणे आपल्या समाजाला शोभत नाही!" टाळ्याही पडल्या. मी बँकेतला कारकून, सभेत वाद घालणे मला जमत नाही. म्हणून लेखी उत्तर देतो.

मी पंचवीस वर्षे टपाल तिकिटे जमवतो. इंदुरातल्या जुन्या मराठी घरांत होळकर संस्थानच्या तिकिटांचे अल्बम अजून सापडतात. संस्थानने १८८६ पासून स्वतःची तिकिटे काढली होती, त्यांचा सर्वांना अभिमान आहे. माझा अल्बम मात्र पाहणाऱ्याला हसू येते. त्यात आहेत अमेरिकेतल्या घाऊक टपालाची तिकिटे. न्यू जर्सीचा मावसभाऊ धर्मादाय संस्थांची आणि दुकानदारांची पाकिटे जपून ठेवतो व येताना घेऊन येतो. मित्र म्हणतात, "हा कचरा कशाला सांभाळतोस?" हा कचरा काय शिकवतो ते सांगतो.

१९९५ च्या एका तिकिटावर टेकडीचे चित्र आहे, २००२ च्या तिकिटावर समुद्रकिनारा आहे, २०११ च्या तिकिटावर पक्षी आहे. तिन्ही ना-नफा संस्थांसाठी, मोल ५ सेंट. १९९८ च्या हिरव्या सायकलीचे तिकीट १० सेंटांचे, ते पूर्ववर्गीकृत घाऊक टपालाचे. नवखा संग्राहक समजतो, ५ सेंटांत पाकीट गेले! तसे नाही. खरा दर सहसा त्याहून जास्त असतो आणि टपाल जमा करताना पाठवणारा फरकाची रक्कम भरतो. तिकीट ही नुसती खूण. ते आधीच रद्द झालेले मानतात, म्हणून त्यावर तारखेचा शिक्काही सहसा पडत नाही. हे तिकीट पाण्यात भिजवून सोडवले की त्याची अर्धी कथा गेलीच. पाकीट सबंध ठेवावे आणि मिळाल्याची तारीख मागे पेन्सिलीने लिहावी.

आता मुख्य मुद्दा. ही सवलत मिळते कोणाला? स्वस्त दराच्या घाऊक टपालासाठी एका वेळी किमान २०० पाकिटे किंवा ५० पौंड वजन लागते. ती पाकिटे पाठवणाऱ्याने स्वतः पिनकोडप्रमाणे लावून, गठ्ठे बांधून, हिशेबाच्या कागदासह आणून द्यायची. म्हणजे टपाल खात्याच्या वर्गीकरण कामगाराचे काम ग्राहकाने केले. दर कमी होतो तो मुख्यतः त्या कामाचा मोबदला म्हणून. ना-नफा संस्थांना त्याखाली आणखी सूट आहे, कारण अशा संस्थांचे कागद घरोघर पोचणे हे समाजाच्या हिताचे, असे त्या देशाने कायद्याने ठरवले आहे. यात हात पसरणे कुठे आले?

आमच्या काउंटरवर रोज हेच दिसते. एक गिऱ्हाईक पिशवीतून चुरगळलेल्या नोटा ओततो. दुसरा शंभर-शंभरच्या गड्ड्या, एका बाजूला तोंडे करून, स्लिप भरून आणतो. दुसऱ्याचे काम आम्ही आधी उरकले तर त्याने भीक मागितली असे कोणी म्हणेल का?

आणि वर्गीकरणाची ही विद्या आपल्याला परकी नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात पिनकोड सुरू झाला, तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी. त्यांच्या सहा आकड्यांवर आज सारा देश चालतो. आपल्या मंडळाच्या पत्त्यांच्या वहीत मात्र अर्ध्या नावांपुढे पिनकोडच नाही!

आपल्याकडेही सवलत होती. १८९८ च्या टपाल कायद्यात नोंदणीकृत वृत्तपत्रांसाठी वेगळा दर होता. अंक ३१ दिवसांच्या आत निघावा आणि खरी वर्गणीदारांची यादी असावी, अशा त्याच्या अटी. साध्या पत्राला ५ रुपये पडत असताना ५० ग्रॅमपर्यंतच्या अशा अंकाला वर्षानुवर्षे २५ पैसे पडत होते. आपली पत्रिका दोन महिन्यांनी निघते, म्हणून ती अटीत बसलीच नाही. आपण वीसपट दर भरत राहिलो आणि आता खर्च परवडत नाही म्हणतो. दोष कोणाचा?

महाराष्ट्राबाहेर मराठी टिकली ती भाषणांनी नव्हे. पुण्या-मुंबईची मासिके, पुस्तके, दिवाळी अंक माळव्यात आले ते टपालाच्या स्वस्त दरावर. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत छापील पुस्तकांची सेवा बंद केली. ५ किलो पुस्तके ८० रुपयांत देशभर कुठेही जात असत. प्रकाशकांनी आरडाओरडा केला. आपल्या मंडळाने एक ठराव तरी केला का? १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आली, तिचे स्वागत आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोला १०० रुपये, वर कर. पण जाहिराती असलेले प्रकाशन तीत चालत नाही. दिवाळी अंक तर जाहिरातींवरच जगतो! म्हणजे ज्या एका वस्तूने आपल्या घरांतली मराठी दरवर्षी ताजी होते, तिलाच दार बंद. यावर बोलायला कोणाला वेळ नाही, कारण सवलत मागणे आपल्याला कमीपणाचे वाटते.

व्हॉट्सॲपचा मला विरोध नाही. माझा मुलगा अंक तिथेच वाचेल. पण माझ्या आईसारख्या ऐंशी पार केलेल्या वाचकांचे काय? दुपारी पोस्टमनने आणलेला अंक त्या चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतात, मग शेजारी देतात. त्यांच्यासाठी मोबाइलवरचा अंक म्हणजे न आलेला अंक.

म्हणून माझ्या सूचना तीन. एक, पत्रिका चार पानी का होईना, दरमहा काढावी, आणि २०२३ च्या नव्या टपाल कायद्यानुसार नियतकालिकाला कोणता दर लागू होतो ते मुख्य टपाल कार्यालयाकडून लेखी घ्यावे. दोन, पत्त्यांची वही पिनकोडसह नव्याने करावी. हे काम मी रविवारी बसून फुकट करून देतो, दोन तरुण मदतीला द्यावेत. तीन, दिवाळी अंकांना 'ज्ञान पोस्ट'मध्ये घ्यावे असा ठराव करून तो खात्याकडे पाठवावा, आणि वडोदरा, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव येथील मंडळांनाही तसे कळवावे.

हक्काचे मागायला लाजणाऱ्याचे हक्क गुपचूप जातात. छापील अंक बंद करण्याचा ठराव पुढल्या बैठकीत मतास येणार आहे. टाळ्या वाजवण्यापूर्वी आपापल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारून यावे, एवढीच विनंती.