लोकेशन बंद करून वाचते काय?

मोबाईलच्या दुकानात, एस.टी.च्या प्रवासात, नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सल्ला न मागता मिळतो. बॅटरी टिकवायची असेल तर लोकेशन बंद ठेवा, ब्लूटूथ बंद ठेवा, ‘ओके गूगल’ बंद करा आणि मागे उघडी राहिलेली अ‍ॅप्स सारखी झाडून टाका. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण हा सल्ला शिळा झाला आहे, आणि काही ठिकाणी तर तो जिवावर बेतू शकतो. म्हणून त्याचे खंडन करणे मला गरजेचे वाटते.

आधी त्या बाजूचे म्हणणे नीट मांडू. फोनमधली कुठलीच सोय फुकट चालत नाही. ब्लूटूथ लहरी सोडतो, लोकेशन उपग्रह शोधते, मायक्रोफोन आपल्या हाकेची वाट पाहतो. एकेकाचा खर्च थोडा असला तरी थेंबे थेंबे तळे रिकामे होते. शिवाय हा अनुभवाचा बोल आहे. दीड हजार एमएएचच्या आसपासच्या बॅटरीवर चालणारे सुरुवातीचे स्मार्टफोन ज्यांनी वापरले, त्यांनी या सोयी बंद करून खरोखरच संध्याकाळ गाठली होती.

पण थेंब केवढा आणि तळे केवढे, हे मोजले पाहिजे. आजच्या फोनची ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॅट-तास वीज. एखादी सोय दिवसरात्र सलग ५ मिलिवॅट खाते असे सढळ हाताने धरले, तरी चोवीस तासांत ०.१२ वॅट-तास खर्च होतात. हा एक टक्काही नाही. उलट उन्हात ब्राइटनेस वाढवून पडद्याने एक वॅट घेतला, तर चार तासांत एक पंचमांशाहून जास्त बॅटरी संपते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

ब्लूटूथचे पाहा. २०१० साली ब्लूटूथ ४.० मध्ये ‘लो एनर्जी’ हा प्रकार आला. मनगटावरच्या घड्याळाशी फोन सतत बोलत नाही. ठरल्या क्षणी जागा होतो, निरोप देतो-घेतो आणि पुन्हा झोपतो. किल्ल्यांना अडकवायचा ब्लूटूथ टॅग याच तंत्रावर नाण्याएवढ्या एका सेलमध्ये वर्षभर चालतो. तो सेल ज्याला वर्षभर पुरतो, ते तंत्र फोनची बॅटरी दिवसात कशी उतरवील?

लोकेशनबद्दलचा गैरसमज तर मुळातूनच चुकीचा आहे. फोन जीपीएसच्या उपग्रहाला काहीही पाठवत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह संदेश सोडत असतात, फोन ते फक्त ऐकतो, आणि तेही एखाद्या अ‍ॅपने ठिकाण विचारले तर. बटण चालू आहे एवढ्यावरून रिसीव्हर जागा राहत नाही. ढोबळ ठिकाण पुरत असेल तेव्हा जवळचे टॉवर आणि वाय-फाय यांवरच भागते. ‘ओके गूगल’साठीही मुख्य प्रोसेसर ताटकळत बसत नाही. २०१३ च्या मोटो एक्समध्ये या कामासाठी कमी विजेवर चालणारा वेगळा प्रोसेसर बसवला होता. आता ती व्यवस्था सर्रास चिपमध्येच असते.

अ‍ॅप्स झाडून टाकण्याची सवय सोडायला लोक सर्वांत नाखूष असतात. मार्च २०१६ मध्ये अ‍ॅपलचे क्रेग फेडेरीगी आणि अँड्रॉइडचे हिरोशी लॉकहायमर या दोघांनी, म्हणजे प्रतिस्पर्धी गोटांतल्या दोन प्रमुखांनी, याने बॅटरी वाचत नाही असेच सांगितले होते. कारण सोपे आहे. मागे पडलेले अ‍ॅप बहुधा गोठलेले असते. ते काढून टाकले की पुढच्या वेळी सगळे नव्याने उभे करावे लागते, आणि वीज त्यात जाते.

मग बॅटरी खाते कोण? पहिला पडदा. पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये ओलेड पडद्यांवर डार्क मोड तपासला, तेव्हा ३० ते ५० टक्के ब्राइटनेसला सरासरी ३ ते ९ टक्केच वीज वाचली. पूर्ण ब्राइटनेसला मात्र ३९ ते ४७ टक्के. दुसरी कमजोर रेंज. घाटात किंवा कोकण रेल्वेच्या बोगद्यांमधून जाताना फोन टॉवर शोधत राहतो आणि टॉवरपर्यंत पोचायला जोर लावतो. तिसरे बिघडलेले अ‍ॅप. २०१५ साली आयफोनवरचे फेसबुक बॅटरी खाते अशी ओरड झाली. संशय लोकेशनवर होता. दोष निघाला कोडमध्ये, आणि लोकेशनचा त्याच्याशी संबंध नाही असे कंपनीच्याच अभियंत्याने स्पष्ट केले. शिवाय उष्णतेने आणि वयाने बॅटरीची ताकदच घटते. ती बटणे बंद करून परत येत नाही.

काही सोयी खरोखर वीज घेतात, हे मान्य करायलाच हवे. सतत उजळ राहणारा ऑलवेज-ऑन डिस्प्ले, तासन् तास चालणारा हॉटस्पॉट, गाडीतला नकाशा. त्या जरूर बंद करा. पण त्यांच्या नावावर सगळ्याच सोयींना शिक्षा नको.

माझा खरा आग्रह पुढे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ हे अ‍ॅप केले आहे. आपल्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिसरात वीज पडत असेल तर ते इशारा देते. मराठवाड्यात, विदर्भात शेतात काम करणारी माणसे आणि गुरे दरवर्षी विजेने दगावतात. हा इशारा मिळायला फोनला स्वतःचे ठिकाण माहीत असावे लागते. एका टक्क्याच्या हिशेबाने लोकेशन बंद केलेल्या फोनवर दामिनी मुकी होते. आणखी एक धोका आहे. बरेच अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली मागची अ‍ॅप्स परस्पर बंद करतात, मग इशारा येतच नाही. औषधाची वेळ सांगणाऱ्या अ‍ॅपचेही तेच होते.

बॅटरी वाचवायची तर सेटिंग्जमधले बॅटरीचे पान उघडा, कोणते अ‍ॅप किती खाते ते बघा, दोषी सापडेल ते काढा आणि पडद्याचा ब्राइटनेस उतरवा. आणि एप्रिल-मेचा वळीव सुरू होण्यापूर्वी शेतावर जाणाऱ्या घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर दामिनी टाकून द्या, तिला लोकेशनची परवानगी द्या, तिच्यावरचे बॅटरीचे निर्बंध काढा.