सुटींतलें जेवण

मे महिन्याच्या आरंभीं आपल्या गांवच्या शाळांना कुलुपें लागतात, तीं जूनच्या मध्यास निघतात. विदर्भांत त्याहूनहि आठवडाभर उशिरां. सुखवस्तु घरचीं मुलें या सुटीची वाट वर्षभर पाहतात, आणि पाहावीहि. आंबे, आजोळ व रात्रीं अंगणांत पडून ऐकलेल्या गोष्टी हीं बालपणाचीं धनेंच होत. परंतु त्याच दिवसांत, त्याच गांवांत, आपल्या शेतावर राबणाऱ्या मजुरांच्या मुलांचें काय होतें, याचा विचार शेतकऱ्यांच्या मासिकानें न करावा तर कोणीं करावा? सबब हा विषय आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

ज्यास शेतीचें वर्ष ठाऊक आहे त्यास हें सांगावयास नको कीं, रब्बीची मळणी उरकल्यापासून मृगाचा पाऊस लागेपर्यंतचा काळ कोरडवाहू गांवांतील मजुरास सर्वांत जड जातो. खळीं मोकळीं झालेलीं असतात. नांगरट बहुतेक ठिकाणीं ट्रॅक्टरनें होते. धसकटें व पऱ्हाट्या वेंचणें एवढेंच काय तें बायकांच्या हातीं उरतें. ऊसतोडीहून परतलेलें कुटुंब उचल फेडून बहुधा रिकाम्या हातांनींच घरीं येतें. शिधापत्रिकेवर दरडोई दरमहा पांच किलो धान्य मिळतें व त्यानें पोटाला आधार होतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्या पांच किलोंत डाळ नाहीं, तेल नाहीं, भाजी नाहीं. आणि वाढत्या अंगाचें पोर नुसत्या भाताभाकरीवर वाढत नाहीं. अशा ऐन टंचाईच्या दिवसांत, घरांतलें भांडें रिकामें व्हावें त्याच सुमारास शाळेंतलेंहि भांडें पालथें पडतें. हा योगायोग मुलांच्या अंगावर उमटल्यावांचून राहत नाहीं.

शाळेंतील जेवणाचा इतिहास थोडक्यांत सांगणें इष्ट आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं केंद्र सरकारनें प्राथमिक शाळांतील मुलांसाठीं ही योजना सुरू केली. आरंभीं अनेक प्रांतांत मुलांच्या हातीं कोरडें धान्यच पडे. २८ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शिजवलेलें अन्नच दिलें पाहिजे असा हुकूम केला. पुढें २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें हें जेवण मुलांचा हक्क ठरलें; आणि २०२१ पासून योजनेचें नांव पंतप्रधान पोषण शक्ति निर्माण असें झालें आहे. पहिली ते पांचवीच्या मुलास दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल, म्हणजे ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनें. सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य, म्हणजे ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिनें, असें प्रमाण ठरलेलें आहे.

मात्र हा हक्क देणाऱ्या कलमांतच त्यास कुंपण घातलेलें आहे. जेवण रोज मिळेल, पण शाळेच्या सुट्यांचे दिवस वगळून, असें तें कलम सांगतें. हे दिवस किती? शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें पांचवीपर्यंत वर्षास निदान २०० व पुढें आठवीपर्यंत २२० दिवस शाळा भरली पाहिजे. म्हणजे शाळेनें कायदा अक्षरशः पाळला तरी लहान मुलाचे १६५ व मोठ्याचे १४५ दिवस जेवणावांचून जाऊं शकतात. याउलट त्याच घरांतील चार वर्षांच्या भावंडास अंगणवाडींत वर्षाचे ३०० दिवस पूरक आहार देण्याचें बंधन सरकारनें स्वतःवर घेतलें आहे. सहावें वर्ष ओलांडून मूल अंगणवाडींतून शाळेंत गेलें कीं त्याची भूक शंभर दिवसांनीं कमी होते, असें मानण्यास कोणताहि आधार आम्हांस दिसत नाहीं.

न्यायालयाच्या ध्यानांत ही विसंगति आली होती. २० एप्रिल २००४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा आदेश दिला कीं, अवर्षणग्रस्त भागांत उन्हाळी सुटींतहि मुलांस जेवण द्यावें. २०१६ च्या दुष्काळांत, ज्यांत मराठवाडा होरपळून निघाला, मे महिन्यांत न्यायालयास तीच गोष्ट पुन्हा बजावावी लागली. शेजारच्या कर्नाटक सरकारनें २०२४ सालीं आपल्या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील मुलांस सुटींत जेऊं घातलें. हीं सर्व उदाहरणें स्वागतार्ह आहेत; तथापि त्यांतील मर्यादा शेतकऱ्याच्या नजरेंतून सुटूं नये. दुष्काळ जाहीर होतो तो पैसेवारीवरून व पर्जन्यमानावरून, आणि तालुक्याच्या हिशेबानें. भूमिहीन मजुराच्या घरचा दुष्काळ मात्र पैसेवारी चांगली आलेल्या वर्षींहि चैत्र संपतां संपतां दारांत उभा असतो. जो दरसाल येतो त्याला आपत्ति मानून तात्पुरता हुकूम काढीत बसण्यापेक्षां, ऋतुमानच समजून त्याची कायमची तजवीज करणें शहाणपणाचें नव्हे काय?

सुटीमुळें मुलांचें खरोखर नुकसान होतें किंवा कसें, अशी शंका कोणी काढील. तिचें उत्तर शंभरांहून अधिक वर्षांपूर्वींच मिळालेलें आहे. इंग्लंडांतील ब्रॅडफर्ड या गिरण्यांच्या शहरीं १९०७ सालीं सुमारें चाळीस गरीब मुलांना शाळेंत जेवण देऊन त्यांचीं वजनें नियमितपणें घेण्यांत आलीं. जेवण चालू असतांना वजन वाढे. मध्यंतरीं सुटी लागतांच तें उतरे. त्या देशानें १९१४ च्या कायद्यानें सुटीच्या दिवशींहि मुलांना जेवण देण्यास स्थानिक संस्थांना मोकळीक दिली. २०२१ पासून तर तेथें सर्व प्रांतभर गरीब मुलांसाठीं सुटींतील जेवण व त्यासोबत खेळ, कला, व्यायाम अशी जोड-योजना चालविली जात आहे. परदेशाचें सर्वच अनुकरणीय असें आम्ही म्हणत नाहीं. पण जेवण व उद्योग यांची त्यांनीं घातलेली सांगड मात्र आपण नीट ध्यानांत घ्यावी. भर उन्हांत वाटीभर खिचडीसाठीं एकटें चालत येणें मुलाच्या जिवावर येतें, आणि त्यांत त्याला भिक्षेचा वासहि येतो. खेळावयास, शिकावयास आलेलें मूल चार सवंगड्यांबरोबर पंगतीस बसलें म्हणजे तोच घांस मानाचा होतो.

आतां आपल्या गांवापुरता हिशेब मांडूं. साठ मुलांची प्राथमिक शाळा व चाळीस दिवस धरले, तर वरील प्रमाणानें २४० किलो धान्य, ४८ किलो डाळ, १२० किलो भाजी व १२ किलो तेल लागेल. गांवांत साठ शेतकऱ्यांनीं मनावर घेतलें तर प्रत्येकाचे वांट्यास चार किलो ज्वारी किंवा बाजरी, किलोहून कमी तूर अथवा हरभरा व दोन किलो भाजी येते. खळ्यावर पांखरें याहून अधिक खात असतील! ज्या समाजानें शतकानुशतकें बलुतेदाराचा वांटा खळ्यावरच काढून ठेवला, त्यास पोरांचा वांटा काढणें जड कां वाटावें? १९७२ च्या दुष्काळांत कामावरच्या मजुरांस व त्यांच्या मुलांस मिळालेली सुकडी ज्यांनीं खाल्ली, असे वृद्ध गांवोगांवीं आहेत. त्या सुकडीनें काय केलें तें त्यांसच विचारावें. तेल, मीठ-मसाला व इंधन यांस रोकड लागेल, ती संघानें आपल्या नफ्यांतून काढावी. शाळेंतील स्वयंपाकी बायांना केंद्राच्या नियमानें वर्षांतून दहा महिनेच मानधन मिळतें; उरलेल्या काळांत त्यांच्या हातास काम व कामास दाम मिळाला तर आणखी दोन-तीन चुली पेटतील.

उद्योगाविषयीं आमची सूचना अशी. ऊन पाहतां सर्व कार्यक्रम सकाळीं सात ते दहांत आटोपावा व जेवूनच मुलें घरीं जावींत. दोन तासांत वाचन, गाणीं, मैदानी खेळ, शाळेच्या आवारांत रोपांची वाफ, गांवच्या विहिरींच्या पाण्याची पातळी दर आठवड्यास मोजून फळ्यावर लिहिणें, असें पुष्कळ करतां येईल. पोहणें तर अवश्य शिकवावें. विहिरींत वा शेततळ्यांत बुडून मूल गेल्याची वार्ता ऐकूं आली नाहीं असा उन्हाळा विरळा. कंबरेस सुका भोपळा बांधून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं शिकलेलें मूल जन्मभर निर्भय होतें. मुलींना धाकट्या भावंडांसह येऊं द्यावें, नाहींतर पाणी भरणें व मूल सांभाळणें यांतच त्यांची सुटी सरते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बजावली पाहिजे. या उद्योगाच्या नांवाखालीं मुलांकडून बी निवडणें, शेंगा फोडणें, काडी वेंचणें असलीं आपलीं कामें कोणीं करून घेऊं नयेत. घांस देऊन मजुरी काढणें हें दान नव्हे, सौदा होय. तसेंच गरिबांची निराळी यादी, निराळी पंगत असूं नये. शाळेंत जसें सर्वांचीं मुलें एकत्र बसतात तसेंच सुटींतहि बसावें, आणि त्यांत आमचीं-तुमचींहि असावींत.

मुलांना पोसणें हें आईबापांचें काम, त्यांत गांवानें कां पडावें, असें म्हणणारे भेटतील. ज्या आईबापांस वर्षभर मजुरी देणें आपल्या शेतीस परवडत नाहीं, त्यांच्यावर हा बोल लावणें न्याय्य नव्हे. तेच हात मृग लागतांच पेरणीस व पुढें खुरपणीस आपणांस हवे असतात. तेव्हां मजूर मिळत नाहीं म्हणून आपणच हाकाटी करतों. दुसरे म्हणतील कीं, शिक्षकांची सुटी कां हिरावतां? ती हिरावूं नये असेंच आमचें मत आहे. गांवांतील शिकलेलीं तरुण मुलें-मुली, निवृत्त गुरुजी व महिला बचतगट हें काम पाहूं शकतील. तिसरे म्हणतील, हें सरकारचें काम. खरें आहे, पण गांवानें एक उन्हाळा करून दाखविल्यावर सरकारपुढें मागणी मांडणाऱ्याचा आवाज निराळाच असतो.

सारांश, आमच्या दोन विनंत्या आहेत. अन्नसुरक्षा कायद्यांतील सुट्यांचा अपवाद निदान उन्हाळी सुटीपुरता रद्द करावा, असे ठराव ग्रामसभांनीं व सहकारी संस्थांनीं करून सरकारकडे धाडावेत. आणि उत्तराची वाट न पाहतां, येत्या रब्बीच्या मळणींत प्रत्येक सभासदानें शाळेच्या नांवें चार किलो धान्य व किलोभर डाळ बाजूस काढून संघाच्या गुदामांत जमा करावी. धान्याला कीड लागणार नाहीं अशी साठवण आपणांस येते. बियाण्यासाठीं आपण ती दरसाल करतों. पुढच्या हंगामाचें बियाणें घरांत उपास पडला तरी शेतकरी मोडून खात नाहीं. गांवाचें पुढलें बियाणें म्हणजे हीं मुलें. त्यांच्या जपणुकीस तितकीच तत्परता दाखवावी, इतकेंच आमचें मागणें आहे.