मयताचे कागद, जित्यांची पायपीट

खातेदार गेला की तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यावी, असे महसूल संहितेचे कलम 149 सांगते. गावात तेराव्यापर्यंत कागदाचे नाव कोणी काढत नाही आणि पुढे ते राहूनच जाते. पीककर्ज अडले की मग वारस नोंदवही आठवते. 2025च्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेने ही साचलेली थकबाकी उपसायला घेतली, हे चांगलेच झाले.

खरी रखडपट्टी दिवाणी न्यायालयात आहे. वारस दाखला अजूनही 1827च्या मुंबई रेग्युलेशनखाली मागायचा, येणे रकमेसाठी 1925च्या उत्तराधिकार कायद्याखाली वेगळा अर्ज करायचा. जाहीर नोटीस, हरकतीची मुदत, तारखा. भांडण नसले तरी हे चुकत नाही. त्यात आजोबांच्या वाटपाच्या दाव्याची नक्कल हवी असली तर अर्जावर दावा क्रमांक आणि साल लिहा म्हणतात. तो क्रमांक आजोबांनाच ठाऊक होता! आणि रेकॉर्ड रूममधली बासने नावावरून उघडत नाहीत.

जिल्हा न्यायालयांनी निकाली दाव्यांची गाववार, नाववार सूची आधी करून तालुक्याला ठेवावी. स्कॅनिंगचे उद्घाटन मागाहून झाले तरी चालेल.