रॅप, पोवाडा आणि समीक्षेची सोय

मराठीत रॅप रचले जाऊ लागल्यापासून आपल्या समीक्षेकडून त्याविषयी दोनच उद्गार प्रामुख्याने ऐकू येतात. एक, हे अमेरिकेहून आणलेले उसने सोंग आहे. दुसरा, हा आपला पोवाडाच आहे, त्यात नवे काही नाही. वरकरणी परस्परविरोधी भासणारी ही विधाने एकाच आळसाची अपत्ये होत. दोहोंमुळे गाणे ऐकण्याची गरज उरत नाही.

उसनेपणाचा आक्षेप घेणारे प्राध्यापक केशवसुतांची सुनीते मात्र निःशंकपणे शिकवितात. सुनीत मुळात इटलीचे. ते इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आले. गझल फारसीतून आली. त्याच इटलीत रॅप पोहोचले तेव्हा तेथील तरुणही आरंभी इंग्रजीचीच नक्कल करीत. १९९० साली रोमच्या ‘ओंदा रोसा पोस्से’ने ‘बात्ती इल तुओ तेम्पो’ इटालियनमध्ये काढले आणि ओस इमारती ताब्यात घेऊन तरुणांनी चालविलेल्या सामाजिक केंद्रांतून ही रीत पसरली. दक्षिणेकडील सालेंतोच्या ‘सूद साउंड सिस्टिम’ने तर प्रमाण इटालियन दूर सारून स्वतःची बोली पुढे केली. दान्तेने लॅटिन सोडून लोकभाषेत महाकाव्य रचले, त्या देशात हे घडावे यात नवल ते काय?

आता पोवाड्याविषयी. शाहीर दुसऱ्याचा पराक्रम सांगतो; डफ, तुणतुणे आणि झीलकरी यांच्या साथीने कथानक पुढे नेतो. रॅपकार बहुधा ‘मी’ म्हणून बोलतो आणि आपली वस्ती, आपली जात, आपली बेकारी मांडतो. या दृष्टीने आंबेडकरी जलसा त्याला अधिक जवळचा. पण तेथेही नाते तपासावे लागेल, गृहीत धरून चालणार नाही. लयीचेही तसेच. माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त मांडलेली अष्टमात्रिक पद्मावर्तनी लय येथे मोजपट्टी म्हणून उपयोगी पडेल, मात्र रॅपकार शब्द हेतुतः ठेक्याच्या मागेपुढे ओढतो आणि यमक ओळीच्या मध्येच टाकतो. हे कोणी मोजून पाहिले आहे काय?

मोजण्याजोगी सामग्री नाही, असेही नाही. अमरावतीच्या सौरभ अभ्यंकर यांनी वऱ्हाडीत रॅप केले. ‘स्वदेशी’ या मुंबईच्या चमूने प्रकाश भोईर यांच्यासह २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’मधून आदिवासींच्या जंगलाचा प्रश्न उभा केला. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे यांच्यावर त्यांच्या राजकीय रॅपमुळे गुन्हे नोंदविले गेले. पोलिसांनी जे शब्द कान देऊन ऐकले, ते समीक्षेने ऐकू नयेत? यातले पुष्कळ रॅप पैशाची फुशारकी आणि स्त्रियांची अवहेलना यांपलीकडे जात नाही, हे मला मान्य आहे. निवड करणे हे तर समीक्षेचेच काम.

जबलपुरात बसून मी हे लिहितो, त्यालाही कारण आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून येथे मराठी कुटुंबे नांदत आली. त्यांच्या घरांतली हिंदी मिसळलेली मराठी आम्हीच ‘अशुद्ध’ ठरविली आणि मुलांना तिची लाज बाळगावयास शिकविले. त्या भाषेत मग कोणी काही रचावे कशासाठी? वऱ्हाडी मुलाने आपल्या बोलीची लाज टाकली, ती कोणत्याही समीक्षकाच्या आधाराविना.

एम.ए.च्या अभ्यासक्रमात या रचना ठेवावयाच्या तर त्या लोकसाहित्याच्या कोपऱ्यात नकोत. आधुनिक कवितेच्या प्रश्नपत्रिकेत, ‘गोलपिठा’नंतर, ध्वनिमुद्रणासह ठेवाव्यात.