माहिती फलाटापर्यंत पोहोचली पाहिजे!



२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकात गोळीबार सुरू झाला, तेव्हा रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे यांनी जागा न सोडता ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना सुटकेची वाट दाखवली. अनेकांचे प्राण वाचले.

हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी करणारा हेडली २००९ साली शिकागोत पकडला गेला. सौदी अरेबियाने २०१२ मध्ये अबू जुंदालला आणि अमेरिकेने २०२५ मध्ये तहव्वूर राणाला आपल्या हवाली केले. दोघांनाही दिल्लीत आणले गेले. देशादेशांतील हे सहकार्य स्वागतार्हच आहे. पण ते घटनेनंतरचे!

परदेशातून आगाऊ मिळालेली धोक्याची सूचना दिल्लीच्या फायलींत अडकता कामा नये. फलाटावरच्या आणि टपालाच्या सॉर्टिंगमधल्या कामगाराला ती वेळेवर कळलीच पाहिजे. कारण पहिली गोळी त्याच्याच दिशेने येते.